रोग्याची कहाणी

रोगी डॉक्टरापुढें बसतो आणि आपली कहाणी सांगूं लागतो. ती कहाणी पुरती ऐकून घेतली जाते काय? १९८४ सालीं बेकमन व फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनीं ध्वनिमुद्रणाच्या साह्यानें या प्रश्नाचा छडा लावला. त्यांनीं तपासलेल्या ७४ भेटींपैकीं अवघ्या १७ भेटींत रोग्याला आपलें पहिलें निवेदन पुरें करूं दिलें गेलें होतें. ५१ भेटींत डॉक्टरांनीं मध्येंच प्रश्न घातला, तोही सरासरी १८ सेकंदांत. आणि तुटलेला धागा पुन्हां जुळला तो त्यांपैकीं केवळ एका भेटींत. आतां, रोगी जें दुखणें प्रथम सांगतो तेंच मुख्य असतें असा कांहीं नियम नाहीं. पोटदुखीनें आरंभ करणारा मनुष्य कदाचित् छातींतल्या कळेकडे यावयास निघालेला असतो. त्याला पोटापाशींच अडविलें, तर ती कळ न सांगतांच तो घरीं परत जातो.

हे डॉक्टर निर्दय होते असें मुळींच नव्हे. उणीव होती ती शिक्षणांत. १८१६ सालीं पॅरिसमध्यें लाएनेकनें छाती ऐकण्याची नळी काढली, तेव्हांपासून शरीराचे आवाज ऐकण्याची विद्या पद्धतशीर वाढत गेली. मनुष्याचें बोलणें ऐकणें मात्र दीर्घकाळ ज्याच्या त्याच्या उपजत स्वभावावर सोडलेलें होतें.

तेंही शिकवितां येतें, हें दाखविण्याची वाट हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञानें १९६३ सालींच मोकळी केली होती. लॉस एंजेलिस येथें त्यानें एका धडधाकट स्त्रीला रोगिणीची भूमिका पढविली आणि तिला विद्यार्थ्यांपुढें बसविलें. विद्यार्थ्यानें विचारपूस करावी, तपासावें, आणि मग त्याचें वागणें कसें वाटलें हें त्या बाईनेंच सांगावें! हॉलिवूड शेजारींच, तेव्हां थट्टा होणें ओघानेंच आलें. परंतु खऱ्या रोग्यापाशीं झालेली चूक रोग्यालाच भोवते. येथें तीच भेट पुन्हां पहिल्यापासून करतां येते. ही पद्धति पुढें देशोदेशीं गेली.

भारतांत २०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमांत संवादाचें शिक्षण रीतसर आलें. आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. विद्यार्थी रोगांचीं नांवें इंग्रजींत शिकतो, आणि समोरची आजी म्हणते, “जीव घाबरा होतो.” छाती धडधडते, दम लागतो, कीं मुलाच्या कर्जाची धास्ती आहे? “म्हणजे काय होतें, आजी?” एवढें विचारून त्यानें गप्प राहिलें पाहिजे. तरुण मनुष्याला हें गप्प राहणेंच फार जड जातें. वेळ कोठून आणावा, अशी तक्रार नेहमींची. पण १९८४ च्या त्या पाहणींत ज्यांना पुरें बोलूं दिलें, त्यांपैकीं कोणालाही अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागला नव्हता.