दीड वर्षात बदललेलं एक वाक्य

पुण्यात इतिहासाची साधनं म्हटलं की पेशवे दफ्तर आठवतं. पण तुम्हाला सिस्टिम्समध्ये पीएचडी करायची असेल, तर तुमचं दफ्तर म्हणजे लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशन.

एक उदाहरण बघा. आर्मच्या मेमरी टॅगिंगमध्ये दर 16 बाइटला 4 बिटांचा टॅग असतो. पॉइंटरमधला टॅग त्याच्याशी जुळला नाही की चूक पकडली जाते. ऑगस्ट 2021 मध्ये लिनक्स 5.14 आलं आणि केव्हीएमवरच्या व्हर्च्युअल मशीनना ही सोय मिळाली. पण डॉक्युमेंटेशनमध्ये अट होती: मशीनला दिलेली मेमरी शेअर्ड नको. का? तर एकच पेज दोघांनी एकाच वेळी तयार करायला घेतलं, की एकाने लिहिलेले टॅग दुसरा पुसून टाकू शकत होता. म्हणजे काही चूक नसलेला प्रोग्रॅमही कोसळणार!

क्रॉसव्हीएमसारखे प्रोग्रॅम मात्र मेमरी शेअर्डच ठेवतात. त्यांची पंचाईतच झाली. शेवटी प्रत्येक पेजसाठी कुलपासारखा एक बिट आला, आणि फेब्रुवारी 2023 च्या लिनक्स 6.2 मध्ये ते वाक्य बदललं: रॅममधली शेअर्ड फाइल चालेल.

आजचं पान वाचून ही जुनी अट कळणारच नाही. त्यासाठी गिट लॉग उघडा. कुलूप घालणारा पॅच आणि वाक्य बदलणारा पॅच वेगवेगळे आहेत. दोन्ही वाचा, आधी कुलपाचा.