बार्शी लाइट रेल्वे आणि आलेखाचे दोन अक्ष (थ्रेड)

१/ १८९७ साली बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुमारे २१ मैलांची लोहमार्गसेवा सुरू झाली. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. मार्ग मात्र एकेरी होता. समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडणार तरी कुठे?

२/ याचे उत्तर वेळापत्रकाच्या आकड्यांत चटकन दिसत नाही, आलेखात दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी आपल्या ग्रंथाच्या १८८५ च्या आवृत्तीत पॅरिस-लियों मार्गाचा असा आलेख छापला आणि त्याचे श्रेय इब्री या अभियंत्यास दिले.

३/ तीच रीत बार्शीला लावून पाहावी. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर: तळाशी कुर्डुवाडी, माथ्यावर बार्शी. समजा, गाडीला दोन तास लागतात. तिची रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत जाईल.

४/ येथेच अनेकांची फसगत होते. चढती रेषा म्हणजे घाट नव्हे आणि उतरती रेषा म्हणजे मंदावलेली गाडी नव्हे. ती बार्शीहून परतणारी गाडी होय. रेषा जितकी उभी, तितका वेग अधिक. रेषा पूर्ण आडवी झाली, तर गाडी थांबलेली आहे. कारण वेळ पुढे सरकते, अंतर नाही.

५/ दोन रेषा छेदतात तेथे दोन्ही गाड्या एकाच क्षणी एकाच जागी असतात. एकेरी मार्गावर तो बिंदू दुसरा रूळ असलेल्या स्थानकावरच पडला पाहिजे. दोन स्थानकांच्या मध्ये पडला, तर त्याचा अर्थ टक्कर.

६/ म्हणूनच आडव्या अक्षाला एकच घड्याळ लागते. त्या काळी मुंबईची आणि मद्रासची वेळ यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते. भारतातील रेल्वे मद्रास वेळेवर चालत. वरील उदाहरणात एका गाडीचे घड्याळ अर्धा तास चुकले, तरी छेदनबिंदू अडीच मैलांहून अधिक सरकतो. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली.

७/ पुढे हा मार्ग लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत पोहोचला. आज ती छोटी गाडी इतिहासजमा झाली आहे. धडा मात्र कायम आहे. कोणताही आलेख हाती आला की रेषेआधी अक्ष वाचावेत: आडवे काय मोजले आहे, उभे काय, आणि कोणत्या एककात.