गर्भस्वास्थ्य निरीक्षण, प्रसवपूर्व

गर्भाशयात वाढणाऱ्या गर्भाला पुरेसा ऑक्सिजन व पोषण मिळत आहे की नाही, हे प्रसूतीपूर्वी निरनिराळ्या परीक्षांनी वेळोवेळी पाहण्याच्या पद्धतीस ‘प्रसवपूर्व गर्भस्वास्थ्य निरीक्षण’ म्हणतात. मातेचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, माता व गर्भ यांच्या रक्तगटांतील विसंगती, जुळे, गर्भाची खुंटलेली वाढ किंवा पूर्वीच्या खेपेस गर्भाचा पोटात झालेला मृत्यू यांमुळे गर्भारपण जोखमीचे ठरते. अशा वेळी गर्भाला गर्भाशयात ठेवणे अधिक सुरक्षित की बाहेर काढणे, हा निर्णय या निरीक्षणावर अवलंबून असतो. उशीर झाल्यास गर्भ पोटातच मरण्याचा, तर घाई झाल्यास अपक्व फुप्फुसांचे अर्भक जन्मानंतर दगावण्याचा धोका असतो.

शारीरिक आधार : गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. हा पुरवठा कमी पडू लागला म्हणजे गर्भाचे रक्त मुख्यतः मेंदू, हृदय व अधिवृक्क ग्रंथी यांकडे वळविले जाते. वृक्कांकडे जाणारे रक्त घटल्यामुळे मूत्र कमी तयार होते आणि परिणामी गर्भजल कमी होते. हालचाली मंदावतात आणि शेवटी हृदयाच्या ठोक्यांत बिघाड दिसू लागतो. प्रत्येक परीक्षा या क्रमातील एखादा टप्पा ओळखण्याचा प्रयत्न करते.

प्रारंभीचा इतिहास : जिनीव्हा येथील शल्यचिकित्सक मायॉर यांनी १८१८ मध्ये गर्भवतीच्या पोटाला कान लावून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, असे नमूद केले. लॅनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेला स्टेथॉस्कोप फ्रेंच वैद्य केर्गारादेक यांनी याच कामी वापरला व आपली निरीक्षणे १८२१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडली. गर्भजलाची हालचाल ऐकू यावी या अपेक्षेने ते श्रवण करीत होते. प्रत्यक्षात त्यांना घड्याळाच्या टिकटिकीसारखे दुहेरी ठोके ऐकू आले. ठोक्यांच्या बदलावरून गर्भाच्या प्रकृतीचे अनुमान करता येईल, हा विचारही त्यांनीच मांडला. डब्लिन येथील केनेडी यांनी १८३३ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढे १८९३ मध्ये जर्मन प्रसूतिविशारद फोन विंकेल यांनी मिनिटाला १२० पेक्षा कमी वा १६० पेक्षा जास्त ठोके हे गर्भ संकटात असल्याचे लक्षण ठरविले. हे निकष पाऊण शतक जवळजवळ जसेच्या तसे वापरले गेले. मात्र १९६८ मध्ये अमेरिकेत बेन्सन व त्यांचे सहकारी यांनी २४,००० हून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अगदी टोकाची अवस्था सोडल्यास केवळ अधूनमधून ऐकलेल्या ठोक्यांवरून संकटाचे खात्रीलायक निदान होत नाही, असे आढळून आले.

ऱ्हीसस विकार : गर्भाच्या परीक्षेवरून थेट उपचार ठरविण्याचे पहिले मोठे उदाहरण ऱ्हीसस रक्तगटाच्या विसंगतीत मिळाले. ऱ्हीसस-ऋण मातेच्या रक्तातील प्रतिपिंड वारेतून जाऊन ऱ्हीसस-धन गर्भाच्या तांबड्या कोशिका नष्ट करतात. गर्भाला तीव्र पांडुरोग होतो, अंगावर सूज येते व तो दगावतो. कोशिकांच्या नाशातून निर्माण होणारे पित्तारुण गर्भजलात उतरते. मँचेस्टर येथील बेव्हिस यांनी १९५० नंतरच्या दशकात सुईने काढलेल्या गर्भजलावरून विकाराची तीव्रता अजमावता येते, हे दाखविले. ऑक्लंड (न्यूझीलंड) येथील विल्यम लायली यांनी १९६१ मध्ये ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे गर्भजलात होणारे शोषण व गर्भाचे वय यांचा आलेख तयार केला. त्याच्या तीन विभागांवरून प्रतीक्षा करावी की प्रसूती घडवून आणावी, हे ठरविता येऊ लागले.

जो गर्भ प्रसूतीसाठी फार लहान, परंतु प्रतीक्षेसाठी फार आजारी असे, त्याच्यापुरता मात्र हा आलेख केवळ मृत्यूचे भाकीत होता. त्यावर उपाय म्हणून लायली यांनी मातेच्या पोटातून सुई घालून गर्भाच्या उदरपोकळीत रक्त सोडण्याचा प्रयोग केला. सुरुवातीचे प्रयत्न अयशस्वी झाले. १९६३ मध्ये पहिले मूल वाचले. मातेला प्रतिपिंड निर्माण होऊ नयेत म्हणून द्यावयाची लस १९६८ च्या सुमारास उपलब्ध झाल्यावर हा विकार विरळ झाला. पांडुरोगी गर्भाचे रक्त पातळ असल्याने मेंदूच्या मध्य रोहिणीतून अधिक वेगाने वाहते, या तत्त्वावरील डॉपलर परीक्षा मारी व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये सिद्ध केली आणि गर्भजल काढण्याची गरज बहुतांशी संपली.

श्राव्यातीत ध्वनी व इलेक्ट्रॉनिक साधने : ग्लासगो येथील इयान डॉनल्ड, मॅकव्हिकर व अभियंता ब्राउन यांनी १९५८ मध्ये श्राव्यातीत ध्वनीने मिळविलेल्या गर्भाशयाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. गर्भाच्या डोक्याची मोजमापे घेण्याचे तंत्र प्रगत झाल्यावर गर्भाची वाढ खुंटल्याचे हाताने पोट तपासण्यापेक्षा अधिक निश्चितपणे कळू लागले. याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड हॉन, उरुग्वायमध्ये काल्देयरो-बार्सिया व जर्मनीत हामाखर यांनी ठोक्यांची अखंड नोंद करणारी यंत्रे विकसित केली. १९७० नंतर ही नोंद प्रसूतिवेदना सुरू होण्यापूर्वीही घेतली जाऊ लागली. गर्भ हलला की त्याचे ठोके काही काळ वाढावेत, ही निरोगीपणाची खूण मानली जाते. परंतु झोपलेल्या निरोगी गर्भाची नोंदही सपाट येते. त्यामुळे चुकीचा इशारा मिळण्याचे प्रमाण मोठे असते. हा दोष टाळण्यासाठी मॅनिंग व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ठोके, श्वसनसदृश हालचाली, अंगाच्या हालचाली, स्नायूंचा ताण व गर्भजल या पाच बाबींना प्रत्येकी २ असे एकूण १० गुण देण्याची पद्धत सुचविली.

डब्लिन येथील फिट्सजेरल्ड व ड्रम यांनी १९७७ मध्ये नाळेतील रोहिणीचा रक्तप्रवाह डॉपलर तंत्राने टिपला. वार निकामी होऊ लागली की हृदयाच्या दोन आकुंचनांमधील प्रवाह प्रथम घटतो, मग थांबतो व अखेरीस उलटा वाहू लागतो.

मूल्यमापन : बहुतेक परीक्षा त्यांची उपयुक्तता सिद्ध होण्यापूर्वीच प्रचारात आल्या. मातेच्या मूत्रातील इस्ट्रिऑल मोजण्याची पद्धत १९६० ते १९८० या काळात सर्वत्र रूढ होती. पुढे ती सोडून देण्यात आली. मातेने गर्भाच्या हालचाली मोजून नोंदविण्याची सक्त पद्धत सुमारे ६८,००० स्त्रियांवर अजमावण्यात आली. तीमुळे मृत्यू घटले नाहीत, असे १९८९ मध्ये दिसून आले. ब्रिटन व आयर्लंडमधील चार लाखांहून अधिक गर्भारपणांच्या अभ्यासात (२०१८) हालचालींविषयी जागृती व त्यानुसार उपाययोजना केल्याने मृतजन्म लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती मात्र वाढल्या. याउलट जोखमीच्या गर्भारपणात डॉपलर परीक्षेमुळे प्रसूतीच्या आगेमागे होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणावरून आढळते. सर्वसाधारण गर्भारपणात असा लाभ दिसत नाही.

प्रसूतीची वेळ ठरविण्याचा प्रश्न निरीक्षणाने पूर्णतः सुटलेला नाही. ऑक्लंड येथील लिगिन्स व हौवी यांनी १९७२ मध्ये मातेला स्टेरॉइड दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे दाखवून लवकर प्रसूतीचा धोका कमी केला. तरीही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, संशयास्पद अवस्थेत लगेच प्रसूती केल्यास जन्मोत्तर मृत्यू व प्रतीक्षा केल्यास गर्भाशयातील मृत्यू अधिक होतात. एकूण मृत्यू जवळजवळ सारखेच राहतात, असे आढळले.

भारतातील स्थिती : श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने गर्भाची प्रकृती कळते, तसेच लिंगही कळते. त्याचा उपयोग मुलींचे गर्भ पाडण्यासाठी होऊ लागल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ मध्ये अंमलात आला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार यंत्राची नोंदणी व प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची लेखी नोंद बंधनकारक आहे. जोखमीची गर्भारपणे वेळीच ओळखता यावीत म्हणून २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस सरकारी केंद्रांत मोफत तपासणीची सोय करण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख मृतजन्म झाले. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक गर्भ प्रसूतिवेदनांच्या काळात दगावले. त्यामुळे जेथे डॉपलर यंत्र उपलब्ध नाही, तेथे रक्तदाब मोजणे, गर्भाशयाची उंची टेपने पाहणे, ठोके ऐकणे आणि हालचाल मंदावल्याची मातेची तक्रार गांभीर्याने घेणे, या साध्या उपायांचे महत्त्व कायम आहे.