वासर ते कडगंची : वसंतपंचमी, अक्षरारंभ आणि एक पोथी

माघ शुद्ध पंचमीला पंचांगात ‘वसंतपंचमी’ असे लिहिलेले असते. ऋतुगणनेप्रमाणे मात्र त्या दिवशी शिशिर चालू असतो आणि वसंत चैत्रावाचून येत नाही. तरीही आपल्या पूर्वजांनी वसंताचे स्वागत त्याच्या आगमनाआधी करून ठेवले. कलबुर्गी-बीदरच्या काळ्या रानात या सुमारास ज्वारीचा हुरडा भरलेला असतो आणि करडईला पिवळी-नारिंगी बोंडे आलेली असतात. उत्तर हिंदुस्थानात या सणाचा पिवळा रंग मोहरीने दिला, आमच्याकडे तो करडईने दिला. नव्या पिकाच्या लोंब्या देवाला वाहून नवान्न ग्रहण करण्याची चाल महाराष्ट्रात या दिवसाशी जोडलेली आहे, ती याच कृषिसंबंधामुळे.

याच पंचमीला ‘श्रीपंचमी’ असेही नाव आहे. प्राचीन साहित्यातील वसंतोत्सव हा प्रामुख्याने मदनाचा उत्सव होता. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत त्याचे रंगीत चित्र आहे. पुढे पूर्वेकडे व उत्तरेकडे या तिथीवर सरस्वतीची सत्ता प्रस्थापित झाली. बंगालमध्ये तर हा विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा सण होय. मुले आपली पुस्तके देवीच्या पायांशी ठेवतात, त्या दिवशी त्यांना हात लावीत नाहीत, आणि लहानग्यांच्या हाती पहिल्याने खडू देण्याचा ‘हातेखडी’ हा संस्कार याच दिवशी करतात.

मराठी मुलखाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे सरस्वतीपूजन आश्विनातले. मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढावर पूजन, उत्तराषाढावर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन, असा त्याचा क्रम. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी रेखाटलेली सरस्वती, तिच्यापुढे मांडलेली पुस्तके आणि वाहिलेली आपट्याची पाने ज्याच्या आठवणीत नाहीत, असा जुन्या पिढीतील सभासद विरळाच. कर्नाटकातही शारदेचा उत्सव नवरात्रातलाच. मग माघातल्या पंचमीला आपल्याकडे काय होते? पंढरपुरात त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो आणि तेथून रंगपंचमीपर्यंत देवाला शुभ्र पोशाख करून त्यावर रंगगुलाल उधळतात. म्हणजे आमची वसंतपंचमी लग्नाची आणि रंगाची. विद्येची वसंतपंचमी या सीमाभागाकडे आली ती दुसऱ्या एका वाटेने, आणि त्या वाटेवर कडगंची हे गाव आहे.

वासरची भेट

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडगंची हे सायंदेवांचे गाव, अशी दत्तसंप्रदायाची परंपरा सांगते. सायंदेव हे श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य. त्यांचे पुत्र नागनाथ, नागनाथांचे देवराव, देवरावांचे गंगाधर आणि गंगाधरांचे पुत्र सरस्वती. हेच ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर. घराणे साखरे आडनावाचे, कौंडिण्य गोत्राचे. ग्रंथाचे मूळ हस्तलिखित कडगंचीस आहे, असेही परंपरा मानते.

गुरुशिष्यांची पहिली भेट मात्र कडगंचीला झाली नाही. ती झाली गोदातीरी ‘वासरब्रह्मेश्वर’ येथे. हे स्थान म्हणजेच आजचे बासर, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. तेलंगणातील निर्मल जिल्ह्यातले हे क्षेत्र ज्ञानसरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. व्यासांनी गोदावरीची मूठमूठ वाळू आणून देवीची स्थापना केली, व्यासांवरून ‘व्यासपूर’, त्याचे ‘वासर’ आणि मग ‘बासर’ झाले, अशी स्थळकथा सांगतात. देवीच्या मूर्तीला हळदीचा लेप असतो आणि ती हळद प्रसाद म्हणून जिभेला लावल्यास बुद्धी तल्लख होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वसंतपंचमीला येथे लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आईबापांची रीघ लागते. मुलाचे बोट धरून अक्षर गिरवून घेतात आणि त्याच्या शिक्षणाचा ‘ओनामा’ होतो.

‘ओनामा’ हा शब्द आपण आरंभ या अर्थी सहज वापरतो. तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाच्या बालोच्चाराचा, म्हणजे ‘ओनामासीधं’चा अवशेष आहे. जैन परंपरेत आणि जुन्या पाठशाळांत हे वचन अक्षरारंभी म्हणत. पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने पहिले वळण गिरवायचे ते याच घोषाने. धर्म बदलले, देवता बदलल्या, पाटी गेली आणि वही आली, तरी शब्द राहिला.

वासर येथे सायंदेव भेटले तेव्हा ते एका यवन सत्ताधीशाच्या चाकरीत होते. त्या धन्याने बोलावणे धाडले होते आणि त्याच्याकडे गेले की प्राणाशी गाठ, अशी त्यांची अवस्था. गुरूंनी अभय दिले आणि ते सुखरूप परतले, अशी कथा आहे. पुढे गाणगापुरी पुन्हा भेट झाली आणि त्या भेटीतूनच चार पिढ्यांनंतर एका ग्रंथाचा जन्म झाला. सरस्वतीच्या क्षेत्री सुरू झालेला हा धागा ‘सरस्वती’ नावाच्या कवीपाशी येऊन ग्रंथरूप झाला, हा योगायोग मोठा सुंदर आहे. गुरूंच्या नावातील ‘सरस्वती’ ही दशनामी संन्याशांच्या दहा नामांपैकी एक. कवीचे मात्र ते पाळण्यातले नाव.

परभाषेतून आलेली मराठी

सरस्वती गंगाधरांनी सोळाव्या शतकात हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. आपल्याला महाराष्ट्र भाषा नीट येत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. ते नम्रतेचे असेलही, परंतु त्यात वस्तुस्थिती आहे. कानडी मुलखातल्या या कवीने ग्रंथात कानडी पदेही घातली आहेत. ज्याच्या घरात आणि गावात दोन भाषा नांदत होत्या, त्याने मराठीत असा ग्रंथ लिहिला की पुढील शतकांत तो घरोघरी सप्ताहाने वाचला गेला. छापील प्रतींत अध्यायसंख्येचा थोडा भेद आढळतो. रामचंद्र कृष्ण कामत यांनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली आवृत्ती आज विशेष मान्य आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास पुण्या-पैठणापुरता मर्यादित नाही, याचा याहून मोठा पुरावा या सीमाभागाला नको.

या ग्रंथात विद्येच्या कथा अनेक आहेत. कारंज्याचा बालक नरहरी ॐकाराशिवाय काही बोलत नाही आणि मुंज लागताच वेद म्हणू लागतो. करवीरचा एक मंदबुद्धी मुलगा लोकांच्या टोमण्यांनी हैराण होऊन भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो आणि पैलतीरी औदुंबरी गुरूंच्या कृपेने विद्वान होतो. शिकता न येणाऱ्या मुलाचे दुःख एवढ्या तीव्रतेने सांगणारी कथा जुन्या मराठीत क्वचितच सापडेल.

तिसरी कथा सर्वांत विचार करायला लावणारी आहे. बीदरच्या दरबारातून जयपत्रे मिरवीत निघालेले दोन विद्वान ब्राह्मण वादाचे आव्हान देत गाणगापुरी येतात. गुरू वाटेवरच्या एका पतिताला बोलावतात, भूमीवर सात रेघा ओढतात आणि एकेक रेघ ओलांडायला सांगतात. प्रत्येक रेघेबरोबर त्याला मागचा एकेक जन्म आठवतो आणि सातव्या रेघेपलीकडे तो वेद म्हणू लागतो. पंडितांचा गर्व उतरतो. पण कथा येथे संपत नाही. पुढे त्या माणसाच्या अंगावरचे भस्म धुतले जाते, ज्ञान निघून जाते आणि तो पुन्हा आपल्या पूर्वस्थितीला जातो.

भाविक याचा कर्मविपाकाच्या अंगाने अर्थ लावतात. आजच्या वाचकाच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो की, विद्या दुसऱ्याचा गर्व उतरवण्यापुरती कोणाला उसनी देता येते काय? सात रेघा ओलांडलेल्या माणसाला परत पहिल्या रेघेअलीकडे का यावे लागले? स्त्रियांच्या बाबतीतही असेच. सरस्वती स्त्रीरूप, परंतु स्त्रीला मंत्रोपदेश नसावा हे सांगण्यासाठी याच ग्रंथात कच-देवयानीची कथा येते, आणि ही पोथी स्त्रियांनी वाचू नये असा दंडकही पुढे रूढ झाला. ग्रंथाविषयी आदर ठेवूनच हे नमूद केले पाहिजे. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा पुसली गेली ती अशीच एक जुनी रेघ.

दख्खनची सरस्वती

सरस्वती या प्रदेशात केवळ एका धर्माच्या देव्हाऱ्यात राहिली नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (राज्यकाल १५८० ते १६२७) याने दखनी भाषेत ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह रचला आणि त्यात सरस्वतीचे स्तवन केले. लोक त्याला ‘जगद्गुरू’ म्हणत. त्याच्या दरबारी चित्रकार फर्रुख हुसेन याने वीणाधारी सरस्वतीचे चित्र काढले. बीदरची बरीदशाही १६१९ मध्ये विजापुरात विलीन झाली, तेव्हा या देवीचा हा उपासक सुलतान बीदरचाही धनी झाला. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहाने त्याच काळात दखनीत ‘बसंत’वर कविता लिहिल्या. दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्यात बसंतला पिवळी फुले वाहण्याची प्रथा आजही आहे, आणि त्याच चिश्ती परंपरेतील ख्वाजा बंदेनवाज (निधन १४२२) कलबुर्ग्यात चिरविश्रांती घेत आहेत. श्रीनृसिंहसरस्वती आणि बंदेनवाज यांचे काळ एकमेकांत मिसळलेले आहेत. सीमाभागाचा विद्येचा वारसा असा अनेकपदरी आहे.

शाळा, सीमा आणि ग्रंथालय

हैदराबाद संस्थानात शिक्षणाची वाट बिकट होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, पण ती भाषा उर्दू होती. मराठी, कानडी आणि तेलुगू मुलांना घरची भाषा शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या, त्या या पार्श्वभूमीवर. सभा भरवायला जेथे परवानगी लागे, तेथे वाचनालयाची खोली ही समाजाची बैठक झाली. पुस्तकाच्या निमित्ताने माणसे एकत्र येत आणि वृत्तपत्र एकाने मोठ्याने वाचून दहांनी ऐकावे, अशी वहिवाट पडे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले, उरलेला बराचसा भाग म्हैसूरकडे गेला. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैसा, कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशास मिळाली आणि त्यांच्यासोबत बासरचा परिसरही. अशा रीतीने सायंदेवांच्या कथेतील वासर, कडगंची आणि गाणगापूर ही तिन्ही ठिकाणे आज महाराष्ट्राबाहेर आहेत, आणि त्यांना जोडणारा ग्रंथ मात्र मराठी आहे.

कडगंचीच्या भूमीवर २००९ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ उभे आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले-मुली तेथे शिकायला येतात. ज्या गावाची ख्याती एका पोथीने झाली, त्या गावी विद्येचे हे नवे पीठ यावे, ही समाधानाची गोष्ट आहे. काळजीची गोष्ट दुसरीच आहे. सीमाभागातील मराठी घरांतली मुले कानडी किंवा इंग्रजी शाळांत शिकतात, आणि त्यात गैर काही नाही. सरस्वती गंगाधरांनाही दोन भाषा येत होत्या. पण मराठी अक्षर जर घरात केवळ पोथीच्या कापडात बांधलेले राहिले, तर पुढल्या पिढीला त्या पोथीला नमस्कार करता येईल, ती वाचता येणार नाही.

सरस्वतीपूजनात एक मार्मिक संकेत आहे. देवीपुढे मांडलेली पुस्तके त्या दिवशी वाचायची नसतात, तो अनध्याय. पण विसर्जनानंतर ती हाती घ्यावीच लागतात, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. अनध्याय एका दिवसाचा असतो, तो आयुष्यभराचा करायचा नसतो. शतकभर चाललेल्या ग्रंथालयाने हेच काम केले आहे. ज्या कपाटांतून गुरुचरित्र आणि फुल्यांचे वाङ्मय एकाच वर्गणीवर मिळते, जेथे पोथी मागणाऱ्याला जात विचारली जात नाही आणि वाचणाऱ्या बाईला कोणी अडवीत नाही, तेथे भूमीवरच्या त्या सातही रेघा पुसलेल्या असतात, आणि एकदा आत आलेल्याला परत पाठवणारे कोणी नसते.

येत्या वसंतपंचमीला आपल्या सभासदांनी घरातल्या एखाद्या लहानग्याला बोट धरून येथे आणावे, वाचनकक्षात बसवून त्याच्याकडून मराठीतले पहिले अक्षर गिरवून घ्यावे, आणि त्याच्या नावे एक पुस्तक घरी न्यावे. बासरला जी हळद मिळते, तिच्याइतकाच हाही प्रसाद आहे.