विशेषणांची महागाई

वस्तूंचा कस उतरत चालल्याची तक्रार ही आपल्या घरगुती संभाषणातील बहुधा सर्वांत टिकाऊ वस्तू असावी. साबण लवकर विरघळतो, दुधावर साय धरत नाही, तुपाला कणी येत नाही, बिस्किटांचा पुडा हाताला हलका लागतो. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही इमारतीच्या जिन्यात ही वाक्ये आजही ऐकू येतात, आणि आमच्या आज्यांच्या तोंडीही ती होतीच. तेवढ्यावरून हे सारे स्मरणरंजन आहे असे म्हणून प्रश्न निकालात काढण्याचा मोह अभ्यासकाला होतो. आम्हाला तो घाईचा वाटतो. या एका तक्रारीत तीन निराळ्या गोष्टी एकाच आवाजात बोलत असतात. भेसळ हा गुन्हा आहे आणि तो लपून होतो. वजनातील घट उघड असते, पण ती कोणी वाचत नाही. तिसरी गोष्ट या दोहोंहून अधिक रोचक आहे : अस्सल वस्तूच्या जागी कायद्याच्या संमतीने दुसरी वस्तू येते आणि जुन्या वस्तूचे नाव अर्धेमुर्धे पांघरून बसते. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते इथे. कारण हा व्यवहार मुख्यतः शब्दांचा आहे.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. ‘पूर्वी सगळे शुद्ध होते’ हे खरे नाही. मुंबई प्रांताने भेसळ प्रतिबंधक कायदा केला तो १९२५ साली. जे घडतच नव्हते त्याच्यासाठी सरकार कायदा करत बसले नसते. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली संपूर्ण देशासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला. मधल्या काळात मुंबईच्या दुधाचे हाल सर्वश्रुत होते. म्हशींचे गोठे भर वस्तीत, दूध महाग, आणि त्यात पाणी घालणे हा जणू धंद्याचाच भाग. यावरचा उपाय उपनगराने दिला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातील म्हशी तिकडे हलवण्यात आल्या आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले ते १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. म्हणजे गिरगाव-दादर सोडून उपनगरांत राहायला आलेल्या मध्यमवर्गाच्या पहिल्या पिढीचे आणि आरेच्या काचेच्या बाटलीचे वय जवळजवळ एकच. पहाटे दूधकेंद्रासमोर लागणारी रांग, हातातले कार्ड, बाटलीचे पातळ झाकण, हे त्या पिढीच्या शुद्धतेच्या कल्पनेचे साहित्य आहे.

आणि नेमकी याच योजनेच्या पोटात आमच्या विषयाची पहिली गोम आहे. म्हशीच्या स्निग्ध दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तयार होणारे ‘टोन्ड’ दूध ही खुरोडींचीच देणगी मानली जाते. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधात पूर्वी किमान ६ टक्के स्निग्धांश लागे. टोन्ड दुधात ३ टक्के पुरतात, ‘डबल टोन्ड’मध्ये दीड टक्का. गवळी करत होता तेच सरकारने केले, असे कुणी खवचटपणे म्हणेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गवळ्याचे पाणी गुपचूप होते आणि बहुधा अस्वच्छही. सरकारच्या दुधातील घटक मोजलेले होते, प्रथिने राखलेली होती आणि त्यामुळे दूध गरिबाच्या आवाक्यात आले. खुरोडींना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. पण भाषेच्या दृष्टीने काय झाले ते पाहावे. ‘दूध’ हा शब्द एकटा राहीनासा झाला. पूर्वी पातळ दुधाला शिवी होती. आता त्याला नाव मिळाले.

तुपाच्या बाबतीत हेच अधिक नाट्यमय रीतीने घडले. डालडा बाजारात आला १९३७ साली. द्रवरूप वनस्पती तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचे, तुपासारखे रवाळ दिसेल असे करायचे, पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड छापायचे आणि घराघरांत पोहोचवायचे. मराठीने त्याला ‘वनस्पती तूप’ म्हटले. हा शब्द थोडा वेळ जिभेवर ठेवून पाहावा. तूप लोण्यापासून होते, वनस्पतीपासून नव्हे. म्हणजे या समासातील दोन पदे एकमेकांना नाकारतात. तरी तो शब्द पन्नासेक वर्षे सुखाने नांदला. गांधीजींसह अनेकांनी वनस्पतीला विरोध केला, कारण तिचा मुख्य उपयोग तुपात मिसळण्यासाठी होईल ही भीती होती आणि ती खरीही ठरली. सरकारने यावर काढलेला तोडगा आम्हाला साहित्यिक दृष्ट्याही विलक्षण वाटतो. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम झाला. कारण तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालचा स्पर्श झाला की गुलाबी-लाल रंग येतो (बोदुआं चाचणी ती हीच). तुपात वनस्पती मिसळली असेल तर परीक्षानळीत रंग उमटून ती पकडली जाई. नकलेने आपल्या पोटात आपलाच कबुलीजबाब वागवावा, अशी ही सक्ती होती.

मात्र परीक्षानळी प्रयोगशाळेत, आणि गृहिणी स्वयंपाकघरात. तिच्याजवळ साधने होती ती हाताची : तळहातावर तूप चोळून वास घेणे, कढवताना बेरी किती बसते ते पाहणे, दुधाचा थेंब नखावर ठेवणे. वनस्पतीवर विसंबलेल्या ग्राहकाला १९८३ साली आणखी एक धक्का बसला. वनस्पतीत आयात केलेली जनावरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. नकलेचीही नक्कल होऊ शकते, हे तेव्हा कळले.

‘साजूक’ हे विशेषण मराठीत जुनेच. ताजेपणा, नाजूकपणा सांगणारे. डालड्यानंतर मात्र त्याला निराळ्या चाकरीला लावले गेले : हे तूप खरे आहे, एवढेच सांगण्याची. जी वस्तू एके काळी नुसत्या नामाने ओळखली जाई, तिला आता स्वतःची ओळख पटवण्यासाठी विशेषण लावावे लागते. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, गावरान अंडी, म्हशीचे दूध ही याच कुळातली. घाण्याशिवाय तेल निघतच नव्हते तेव्हा ‘घाण्याचे तेल’ असे सांगण्याची गरज कुणाला पडली असेल? आज उपनगरांत लाकडी घाण्याची दुकाने नव्याने उघडत आहेत, तिथला भाव पाहिला की ध्यानात येते की आपण तेलाबरोबर विशेषणाचेही पैसे मोजतो. आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्या वाट्याला नुसते नाम उरते, ज्यातून अर्थ काढून घेतलेला आहे. कस उतरण्याच्या तक्रारीतील वर्गीय बाजू ती ही. वस्तू सर्वांसाठी सारखी बिघडत नाही. ती दुभंगते, आणि वरचा अर्धा भाग विशेषणासकट वरच्या मजल्यावर जातो.

साबणाची गोष्ट थेट अंधेरीशी जोडलेली आहे. हिंदुस्थान लिव्हरचे संशोधन केंद्र १९६०च्या दशकात अंधेरीत आले. त्या केंद्राच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक होते ते कडुनिंब, साल अशा अखाद्य तेलांपासून साबण करण्याचे, म्हणजे आयात चरबीवरचे आणि खाद्यतेलावरचे अवलंबन घटवण्याचे. हे काम देशाच्या दृष्टीने उपयोगाचे होते यात शंका नाही. पर्याय म्हणजे नेहमी फसवणूक असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत काय लिहिलेले असते ते एकदा वाचावे. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत : पहिल्या प्रतीत एकूण मेदांश किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६०. त्याहूनही खाली उतरायचे असेल तर त्या वडीला ‘साबण’ म्हणता येत नाही. तिला ‘बेदिंग बार’ म्हणतात आणि तिथे ४० टक्के मेदांश पुरतो. दुकानदार दोन्ही एकाच फळीवर मांडतो, आपण दोहोंना साबणच म्हणतो, जाहिरातीतली नटीही एकाच हास्याने दोन्ही अंगाला लावते. फरक फक्त दोन इंग्रजी शब्दांचा. ते शब्द वेष्टनाच्या मागे, घडीच्या जवळ, शक्यतो दिसू नयेत अशा ठिकाणी असतात. वेष्टनावरील मजकूर हा आपल्या काळातील सर्वाधिक छापला गेलेला आणि सर्वांत कमी वाचला गेलेला वाङ्मयप्रकार आहे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. पण त्याची संहिता म्हणून चिकित्सा करायला काय हरकत आहे?

उपनगरांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. १९७२च्या दुष्काळाच्या वर्षी, शिधापत्रिकेवर तांबड्या मिलोची ज्वारी येत असताना, गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांची मागणी प्रामुख्याने भावाची आणि पुरवठ्याची होती. धान्य, तेल, रॉकेल मिळालेच पाहिजे, ही. कसाचा प्रश्न पुढच्या पावलावर आला. १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत साधी होती : शेजारच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने घाऊक बाजारातून पारखून माल आणायचा, तो संघातल्या एका घरी उतरवायचा आणि सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा. दुकान नाही, नफेखोर मध्यस्थ नाही. विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनातून चालणाऱ्या या चळवळीने एक गोष्ट केली जिचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही. निवडणे, पाखडणे, वास घेऊन पाहणे ही जी पारख आजवर एकेकटी बाई आपापल्या ओट्यापाशी, बिनमोल करत होती, ती तिने सामूहिक आणि सार्वजनिक केली.

याच्या आधीचे एक उदाहरण उपनगरातले नसून गिरगावातले आहे, तरी ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्याचे लिज्जत झाले. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका पापड स्वस्तात विकत. मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी ते थांबवायला सांगितले : एकच पापड करा, आणि त्याच्या कसात तडजोड करू नका. विशेषण नाकारण्याचा हा निर्णय होता, आणि धंदा त्याने बुडाला नाही.

घटीविषयी थोडक्यात. पार्ल्याने आपले नाव ज्या बिस्किटाला दिले त्याचा कारखाना १९२९ साली विलेपार्ल्यात सुरू झाला, बिस्किटे १९३९ पासून निघू लागली आणि २०१६ साली तो बंद पडला. पार्ले पूर्वेची भाजक्या बिस्किटांच्या वासाची सकाळ त्याबरोबर संपली. बिस्किट अर्थात अन्यत्र होतेच आहे. पाच रुपयांची नोट किंवा नाणे हीच जिथे किंमत असते तिथे महागाई वजनातून वसूल होते, हे उत्पादकही उघडपणे सांगतात. पुडा तोच, वेष्टनावरचे बाळ तेच, ग्रॅम तेवढे कमी. १९७७च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी अनेक जिनसांसाठी ठरावीक वजने बांधून दिली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या दुरुस्तीने ही बांधणी काढून टाकली आणि तिच्याऐवजी दर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किंमत छापण्याची सक्ती आणली. म्हणजे रक्षणाची जबाबदारी नियमाकडून वाचकाकडे आली. चष्मा लावून वाचणाऱ्याकडे, असे म्हणूया.

न वाचणाऱ्याचे काय, याचे उत्तर शासनयंत्रणा देते असे मानावे तर मुलुंडचे प्रकरण आठवते. २०१८ साली घेतलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या नमुन्यांत सामू ठरलेल्या मर्यादेबाहेर आढळला, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे होते. मुलुंडच्या कारखान्याचा त्या पावडरीचा परवाना रद्द करण्याचा आदेश मात्र निघाला सप्टेंबर २०२२ मध्ये. कंपनी न्यायालयात गेली, नव्या नमुन्यांची तपासणी झाली, ते निकषांत बसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिरंगाईबद्दल प्रशासनावर ताशेरे ओढून तो आदेश रद्द केला. वस्तू वाईट होती की चांगली हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चार वर्षांचा हिशेब राहतोच : ज्या बाळांसाठी ती पावडर २०१८ साली घरात आली होती, ती न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा शाळेत जाऊ लागली होती.