ब्रिगिडच्या नावाची सुट्टी

आयर्लंड देशात १७ मार्चला संत पॅट्रिकचा मोठा सण असतो. त्याची सुट्टी १९०३ पासून आहे. आज आम्ही सांगणार आहोत ते संत ब्रिगिडविषयी.

ब्रिगिड ही गाईगुरांची, दूध-लोण्याची राखणदार. तिचा दिवस १ फेब्रुवारी. तिथे वसंताची सुरुवात याच दिवशी मानतात. आदल्या संध्याकाळी ओल्या रानातला लव्हाळा उपटून आणायचा, त्याचा क्रूस विणायचा आणि दारावर, गोठ्यात लावायचा. घराला आग लागू नये, ही त्यामागची श्रद्धा. रात्री कापडाचा तुकडा बाहेर ठेवायचा. ब्रिगिड त्याला हात लावून जाते, असं मानतात. डोकं दुखलं की तो कपाळाला बांधायचा, बाळंतपणातही जवळ ठेवायचा.

या दिवसाची सरकारी सुट्टी सुरू झाली २०२३ मध्ये, म्हणजे पॅट्रिकनंतर १२० वर्षांनी! बाईच्या नावाची ती तिथली पहिलीच सुट्टी. पण सुट्टी नव्हती तेव्हाही घरोघरी क्रूस विणले जातच होते. रीत टिकली ती घरातल्या हातांमुळे.

त्या हातांची नोंद आपणही ठेवू या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आजीकडून शिकलेली एक रीत सांगावी. बचतीच्या वहीशेजारी आम्ही तिचीही एक वही ठेवू.