म्युकरमायकोसिस : साथीआधीचा इशारा

मे २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ हा शब्द देशभर पोहोचला. १९ मे रोजी राजस्थानने म्युकरमायकोसिसला साथरोग घोषित केले. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. मुंबईतील प्लेगच्या वेळी झालेला हा कायदा आता अशा रोगाला लागू होत होता, जो माणसाकडून माणसाला होतच नाही.

हा रोग नवा नव्हता. आर्नोल्ड पालटाउफ यांनी त्याचे वर्णन १८८५ मध्येच केले होते. शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीच्या कुळातील बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि निरोगी शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा नाश करतात. रक्तातील साखर अनियंत्रित राहिली, की या पेशी दुबळ्या होतात; रक्त आम्लधर्मी झाल्यास बुरशीला लागणारे लोहही मोकळे होते. मग बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठते आणि ऊती मृत होतात. काळा रंग बुरशीचा नसून या मृत ऊतींचा असतो.

श्वासातून आलेले बीजाणू प्रथम नाक आणि सायनस गाठतात. वरच्या जबड्याच्या हाडातील मॅक्सिलरी सायनसच्या तळाशी दाढांची मुळे आणि छतावर डोळ्याची खोबण असते. त्यामुळे काहींचे दात हलू लागतात, टाळूवर काळा डाग पडतो. काहींचा डोळा सुजतो. पुढचा टप्पा मेंदूचा.

चंडीगडच्या पीजीआय संस्थेत अरुणालोक चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी १९९० ते १९९९ या दहा वर्षांतील १२९ रुग्णांची नोंद केली होती. पुढच्या अवघ्या पाच वर्षांत तेथे १७८ रुग्ण आढळले. अनियंत्रित मधुमेह हे त्यामागचे प्रमुख कारण होते आणि २००६च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ते नमूद होते.

कोविडकाळात मधुमेहाला स्टेरॉइडच्या अतिवापराची जोड मिळाली. देशातील १६ केंद्रांच्या अभ्यासात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधील रुग्णसंख्या आदल्या वर्षाच्या त्याच काळाच्या दुपटीहून अधिक आढळली. दुसरी लाट तेव्हा यायची होती. जुलै २०२१ पर्यंत ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. अँफोटेरिसिन बी या औषधाचा तुटवडा पडला. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा, काहींचा डोळाही काढावा लागला.

टाळू गेली, की घास नाकात जातो आणि उच्चार अस्पष्ट होतात. कृत्रिम टाळूशिवाय जेवणे-बोलणेही कठीण होते. साथ ओसरली, तरी या रुग्णांचे पुनर्वसन संपलेले नाही. हवेतील बीजाणू टाळता येत नाहीत. रक्तातील साखर मात्र मोजता येते. पंधरा वर्षे आधीच्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच होता.